एका वायरच्या मागं

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. पुण्यातल्या एका चिप डिझाइन कंपनीत मी व्हेरिफिकेशनला, म्हणजे डिझाइन बरोबर चालतं का ते तपासायला, होते आणि आमच्या चिपचा एक ब्लॉक लटकत होता. लटकणं हा आमच्याकडचा रोजचा शब्द. क्लॉक, म्हणजे चिपचा ठोका, चालू असतो, सगळं जिवंत दिसतं, पण काम संपल्याचा सिग्नल येतच नाही आणि टेस्ट तशीच पुढं चालत राहते. ब्लॉक तसा साधा होता. मेमरीकडून डेटा मागवायचा, फिफोत, म्हणजे आधी आलेलं आधी सोडणाऱ्या रांगेत, भरायचा, पुढच्या ब्लॉकला द्यायचा आणि सगळं झालं की ‘डन’ नावाची एक वायर वर न्यायची, म्हणजे शून्याची एक करायची. हजारो टेस्ट पास होत होत्या. एका टेस्टमध्ये डन वर जात नव्हती.

मी त्या टेस्टचा अख्खा डंप, म्हणजे प्रत्येक सिग्नलची क्षणाक्षणाची नोंद, उघडला होता. वेव्हफॉर्मच्या खिडकीत जे नाव ओळखीचं वाटेल ते ओढून टाकत गेले. शंभर झाले, दोनशे झाले, मग मोजणं सोडलं. हिरव्या रेषा खाली-वर जात होत्या आणि मी स्क्रोल करत होते. दोन दिवस गेले. प्रत्येक सिग्नल बघितला होता, आणि बघून हाती काहीच लागलेलं नव्हतं.

शेजारी एक सीनियर बसायच्या. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ आल्या, स्क्रीनवर एक नजर टाकली आणि विचारलं, “कुठली वायर?”

“म्हणजे?”

“तुझी तक्रार नक्की कुठल्या वायरबद्दल आहे? एकच सांग.”

“डन.”

“मग बाकीच्या काढ.”

मी काढल्या. खिडकीत एकच रेषा उरली, सपाट, खाली पडलेली. त्या क्षणी मला मोकळं वाटलं होतं, ते अजून आठवतं.

मॅडमनी प्रिंटरच्या ट्रेमधला एक कागद घेतला आणि उजव्या कडेला एक चौकोन काढला. डन हा फ्लॉप, म्हणजे आत आलेलं एक क्लॉकभर धरून ठेवणारा डबा. त्याच्या आत काय जातंय? तीन गोष्टींचा अँड, तिन्ही खऱ्या असतील तरच एक. सगळ्या रिक्वेस्ट पाठवून झाल्या का, फिफो रिकामा आहे का, आणि यायची राहिलेली उत्तरं शून्य आहेत का. त्या तीनच वायर खिडकीत घेतल्या. पहिली वर, दुसरी वर, तिसरी खाली. “झालं. पहिल्या दोन विसरून जा.” तिसरीच्या मागं एक कंपॅरेटर, म्हणजे आकडे ताडून बघणारा डबा, त्याच्या मागं एक काउंटर. काउंटर शून्यावर यायला हवा होता आणि तो एकवर अडकला होता. रिक्वेस्ट गेली की एकनं वाढायचं, उत्तर आलं की एकनं उतरायचं, इतकंच त्याचं काम.

काउंटरच्या मागं त्यांनी सहा आकृत्या काढल्या, आणि त्या मला आजही डोळे मिटून काढता येतात. एक फ्लॉप. त्याच्या लगेच मागं एक मक्स, म्हणजे ‘सिलेक्ट’ तारेच्या सांगण्यावरून दोन इनपुटांतलं एक पुढं सोडणारा डबा. त्या मक्सच्या मागं आणखी एक मक्स. एक बेरजेचा डबा, एक वजाबाकीचा डबा. आणि फ्लॉपमधून निघून या सगळ्यांकडं परत वळणारी एक लांब तार, ती त्यांनी कागदाच्या खालच्या कडेनं फिरवून आणली. फ्लॉपच्या जवळच्या मक्सचा सिलेक्ट म्हणजे ‘रिक्वेस्ट गेली’. तो एक असेल तर बेरीज आत जाणार. नसेल तरच मागच्या मक्सचं ऐकलं जाणार, आणि त्या मागच्या मक्सचा सिलेक्ट म्हणजे ‘उत्तर आलं’.

“आता दोन्ही एकाच क्लॉकला आले तर?”

दोन्ही एकदम आले, तर आकडा होता तसाच राहायला हवा. एक गेलं, एक आलं. पण पुढच्या मक्सनं बेरजेचं दार उघडलं की मागच्या मक्सपर्यंत आलेली वजाबाकी तिथंच थांबते. उत्तर आल्याची नोंद होत नाही. आकडा एकनं चढतो आणि तो एक पुन्हा कधीच उतरत नाही.

कोड मी वाचला होता, शंभरदा. रिक्वेस्ट गेली असेल तर अधिक एक, नाहीतर उत्तर आलं असेल तर वजा एक. वाचताना ते इतकं सरळ वाटतं की त्यातला ‘नाहीतर’ डोळ्यांना टोचत नाही. भाषेत ‘नाहीतर’ हा दोन वाक्यं जोडणारा एक शब्द आहे. सर्किटमध्ये तो एक मक्स आहे, दुसऱ्या मक्सच्या मागं उभा असलेला, आणि कोण कोणाच्या मागं उभं आहे ते चित्रात लपत नाही. मग बाकी राहिलं ते वेळेचं काम. तीन वायर खिडकीत ठेवल्या, काउंटर, रिक्वेस्ट, उत्तर, आणि दोन्ही एकदम वर गेल्याची पहिली जागा शोधली. पाच मिनिटं लागली. आमच्या टेस्टबेंचमधली, म्हणजे चाचणीसाठी लिहिलेल्या खोट्या जगातली, मेमरी नेहमी ठराविक क्लॉकनंतरच उत्तर द्यायची, त्यामुळे दोघांची गाठ कधी पडलीच नव्हती. एका टेस्टमध्ये कोणीतरी तो उशीर रँडम केला होता.

त्या दिवसापासून मी चित्रवाली झाले. कोड वाचतेच, पण शंका आली की तुकडा काढून बघते. पंधरा वर्षं झाली असतील. महागडी टूल्स ऑफिसात असतात. घरच्या लॅपटॉपवर मात्र मी योसिस हे कोडचं सर्किट करून देणारं टूल वापरते, आणि हे टूल मला मनापासून आवडतं. व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठात पदवीच्या प्रबंधासाठी क्लेअर वुल्फ यांनी २०१२ च्या सुमारास ते लिहायला घेतलं. फुकट आहे, सोर्स उघडा आहे. व्हेरिलॉग या चिप लिहायच्या भाषेतलं डिझाइन त्यात वाचलं आणि ‘शो’ म्हटलं की ग्राफविझ या आकृत्या काढणाऱ्या टूलकडून चित्र काढून आणतं. डबे म्हणजे गेट, बेरजेचे अडर, मक्स, फ्लॉप. अष्टकोन म्हणजे बाहेरच्या जगाशी जोडणारे पोर्ट, आणि डिझाइनच्या आतल्या नावाच्या वायरींना पत्त्यांतल्या चौकटसारखा शंकरपाळीचा आकार. पहिल्यांदा वापरणारा प्रत्येकजण एक चूक करतो: अख्ख्या डिझाइनवर ‘शो’ म्हणतो. बारकासा प्रोसेसर असला तरी काळ्या दोऱ्यांचा गुंता समोर येतो. झूम आउट केलं तर काही वाचता येत नाही, झूम इन केलं तर आपण कुठं आहोत ते कळत नाही.

योसिसची खरी करामत ‘सिलेक्ट’मध्ये आहे. एका वायरचं नाव द्यायचं आणि पुढं टक्क्याचं चिन्ह, सी आणि आय लिहायचं. मग त्या वायरला जे जे चालवतं ते निवडीत येतं. सी आणि ओ लिहिलं तर उलट दिशा, ती वायर कोणाकोणाला जाऊन मिळते ते. पुढं आकडा दिला तर तेवढीच पावलं. चांदणी दिली तर जाता येईल तिथपर्यंत. आणि मला सगळ्यात मोलाची वाटणारी सोय म्हणजे मनाई लिहिता येते: मागं जा, पण फ्लॉप लागला की थांब. किंवा मक्समधून जा, पण त्याच्या सिलेक्टच्या तारेवरून जाऊ नकोस, फक्त डेटाच्या तारेनं जा. अशी मनाई चार ठिकाणी घातली की हजारो डब्यांतून आठ-दहा डबे उरतात, आणि ते आठ-दहा डबे माणसाच्या डोक्यात मावतात.

एका वायरपासून मागं जाताना जो भाग पसरत जातो त्याला आम्ही कोन ऑफ लॉजिक म्हणतो. मराठीतला कोन नव्हे, शंकू. टोकाला आपली वायर, मागं रुंदावत जाणारा पसारा. शंकू कुठं कापायचा हे टूल सांगत नाही. त्याला काय, ते चिपच्या पिनांपर्यंत जाईल. कापायची जागा आपण ठरवायची, आणि माझ्या मते या कामातलं कसब सगळं तिथं आहे. फार लवकर कापलं तर दोष पलीकडं राहतो. फार उशिरा कापलं तर परत गुंता.

हे मला कंपनीत शिकवलं गेलं असं मी बरीच वर्षं समजत होते. खरं तर लहानपणी घरी बघितलं होतं.

माझे वडील, अण्णा, विद्युत मंडळात लाइनमन होते. गावात सगळे वायरमनच म्हणायचे. २००५ साली मंडळाची विभागणी होऊन महावितरण झालं, तरी अण्णांच्या तोंडी निवृत्त होईपर्यंत ‘बोर्ड’च राहिलं. आमचा भाग कवठेमहांकाळकडचा, पाऊस कमी, पण मृगाच्या सुमाराला वळीव असा झोडपायचा की अकरा केव्हीचा फीडर, म्हणजे सबस्टेशनहून गावोगाव जाणारी लाइन, हमखास ट्रिप व्हायचा. रात्री दारात कोणीतरी सायकल लावायचं आणि अण्णा रेनकोट चढवून निघायचे. दोन-तीनदा मी त्यांच्या मागं सायकलवर बसून गेले आहे.

फीडर पंधरा-वीस किलोमीटरचा, काळोख, पाऊस. कुठल्या खांबावर इन्सुलेटर फुटलाय, कुठं बाभळीची फांदी तारेला टेकलीय, कोणाला माहीत? पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत बॅटरी मारत चालत कोणी जात नाही. अण्णा मधल्या एबी स्विचपाशी जायचे. तो उघडायचा, म्हणजे पुढची अर्धी लाइन तुटली. सबस्टेशनला फोन करून सांगायचं, चार्ज करा. लाइन टिकली तर अलीकडची बाजू चांगली, दोष पुढं. पुन्हा ट्रिप झाली तर दोष अलीकडं. मग उरलेल्या अर्ध्यात पुढचा स्विच. असं तीन-चारदा केलं की दीड-दोन किलोमीटरचा टप्पा हातात यायचा, आणि तेवढाच ते पायी तपासायचे. अलीकडच्या गावांची लाइट तोवर आलेली असायची.

त्यांची रीत माझ्या कामाला जशीच्या तशी लागत नाही, आणि का लागत नाही ते समजायला मला वेळ लागला. फीडर झाडासारखा असतो. एका बुंध्यातून फांद्या निघतात आणि फांदीतून प्रवाह बुंध्याकडं परत येत नाही. म्हणून मधोमध तोडलं की दोन स्वच्छ भाग होतात. सर्किट तसं नसतं. त्या काउंटरची खालून फिरून आलेली लांब तार आठवा. काउंटरचा आत्ताचा आकडा त्याच्या पुढच्या आकड्याचं कारण असतो. मागं मागं जात राहिलं तर आपण फिरून त्याच वायरपाशी येतो. हे चक्र तोडायची जागा म्हणजे फ्लॉप, कारण फ्लॉपच्या दोन बाजूंना दोन वेगळे क्षण असतात. आत जाणारं या क्लॉकचं, बाहेर आलेलं मागच्या क्लॉकचं. फ्लॉप ओलांडला की आपण जागेबरोबर वेळेतही एक पाऊल मागं गेलेलो असतो. ‘फ्लॉप लागला की थांब’ या मनाईचं महत्त्व त्यात आहे. थांबायचं, त्या क्षणाचा हिशोब पुरा करायचा, मगच एक क्लॉक मागं जायचं.

तुकडा कापून काढला की त्याला प्रश्नही विचारता येतात. योसिसमध्ये त्यासाठी सॅट सॉल्व्हर आहे, दिलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्या किमती शोधणारा. या तुकड्याच्या इनपुटना काहीही किंमत दे आणि मला असं उदाहरण शोधून दाखव, की रिक्वेस्ट आणि उत्तर दोन्ही एक आहेत तरी काउंटर बदलतोय. आमच्या त्या काउंटरवर मी नंतर घरी हाच प्रयोग केला. उत्तर यायला डोळ्याचं पातं लवायचाही वेळ लागला नाही. हजारो टेस्टना जे सापडलं नव्हतं ते त्या सहा आकृत्यांनी लगेच कबूल केलं.

इथं एक खाचखळगा आहे आणि नव्या मुलांना मी तो आवर्जून दाखवते. तुकडा कापला की त्याला बाहेरून येणाऱ्या तारा मोकळ्या होतात. सॉल्व्हर त्यांना वाट्टेल ती किंमत देतो, खऱ्या डिझाइनमध्ये कधीच येणार नाही अशीसुद्धा. म्हणून सॉल्व्हरनं ‘चूक सापडली’ म्हटलं की आधी बघायचं, ही परिस्थिती बाहेरचं जग खरंच निर्माण करू शकतं का. पण त्यानं ‘चूक नाही’ म्हटलं, तर ते मात्र पक्कं. इनपुट काहीही असोत हा तुकडा बरोबर वागतो असं सिद्ध झालं असेल, तर अख्ख्या चिपमध्ये बसवल्यावरही तो बरोबरच वागणार. लहान तुकड्याबद्दल मिळालेली ग्वाही मोठ्या चिपला लागू पडते, दोषाचा आरोप मात्र तपासून घ्यावा लागतो. या एकतर्फीपणाचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

आतलं चित्रच नसेल तर काय करायचं? मला नेहमी थॉमस नाइसली यांची आठवण होते. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९९४ साली ते जुळ्या मूळसंख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते आणि आकडे जुळत नव्हते. चूक आपल्या प्रोग्रॅमची, कंपायलरची की मशीनची? त्यांनी एकेक शक्यता काढून टाकत महिने घालवले आणि शेवटी बोट पेंटियमच्या भागाकारावर ठेवलं. ८२४६३३७०२४४१ या संख्येनं एकला भागलं की उत्तर चुकायचं. पेंटियममध्ये ३१ लाख ट्रान्झिस्टर होते. दोष निघाला भागाकाराच्या सर्किटमधल्या एका तक्त्यात. तिथल्या काही घरांमध्ये २ असायला हवे होते, तिथं शून्य होतं. इंटेलला त्यापायी ४७.५ कोटी डॉलरची तजवीज करावी लागली. आपल्या क्षेत्रात हा किस्सा सहसा पैशासाठी सांगतात. मला त्यातला नाइसलींचा धीर मोठा वाटतो. त्यांच्यासमोर ना वायर होती ना डबा. तरी त्यांनी बाहेरून, एकेक गोष्ट वगळत, शंकूचं टोक शोधलं.

नावांबद्दल सांगायलाच हवं. एक वायर धरून मागं जायचं म्हणजे त्या वायरला नाव हवं. कोडमध्ये आपण दिलेली नावं सिंथेसिसनंतर, म्हणजे कोडचं सर्किट झाल्यावर, बरीच नाहीशी होतात. टूल दोन वायरी एक करतं, एखादी उडवून टाकतं, उरलेल्यांना नुसते क्रमांक देतं. ‘उत्तर_आलं’ असं नाव शोधायला जावं तर तिथं चारशे तेरा नंबरची तार. योसिस आपल्या बाजूनं जपणूक करतं. त्यानं तयार केलेल्या डब्याचं पूर्ण नाव उघडून बघितलं तर त्यात फाइलचं नाव आणि ओळ क्रमांकही असतो, म्हणजे बेरजेच्या डब्याला विचारता येतं, तू माझ्या कुठल्या ओळीतून जन्मलास. नावं नसली की काय होतं ते बघा. २०१० च्या सुमारास ग्रेग जेम्स आणि ब्रायन व बॅरी सिल्व्हरमन यांनी १९७५ च्या ६५०२ प्रोसेसरचे मायक्रोस्कोपखाली फोटो काढले आणि त्यावरून साडेतीन हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टरची सगळी जोडणी उभी केली. ब्राउझरमध्ये एखाद्या तारेवर क्लिक केलं की ती तार चिपभर उजळते. पहिल्यांदा केलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसत्या तारा उजळत बसले होते. पण बहुतेक तारांना नाव नाही, फक्त आकडा. उजळलेली तार दिसते, ती कशासाठी आहे ते दिसत नाही. त्यामुळे ज्युनियर मंडळींच्या कोडमध्ये ‘टेम्प एक’, ‘टेम्प दोन’ दिसलं की मी रिव्ह्यू तिथंच थांबवते. काहींना तो छळ वाटतो. पण त्या वायरीच्या मागं एक दिवस कोणीतरी अनोळखी माणूस जाणार आहे, आणि त्याला हाताला धरायला तेवढं नावच असणार आहे.

गेल्या दिवाळीत अण्णा पुण्याला आले होते. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. मुलींच्या एका कार्यशाळेत दाखवायला तोच जुना काउंटर योसिसमध्ये काढला होता, दुरुस्त केलेला. आता त्यात दोन वायरींचा एक्सॉर होता. रिक्वेस्ट आणि उत्तर यातलं नेमकं एकच आलं असेल तरच आकडा बदलायचा. अण्णा शेजारी येऊन बसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला.

“हे काय, लाइनचा नकाशा?”

“तसाच. पण चिपच्या आतला. एवढुसा भाग.”

त्यांनी बोट स्क्रीनवर ठेवलं आणि डावीकडून उजवीकडं हळूहळू नेलं. मक्सपाशी थांबले. “हा स्विच?”

“हो. दोन लाइनींतली एक पुढं सोडतो.”

“आणि ही तार मागं का आली?”

काउंटरची तार. मी सांगितलं, आत्ता किती आहे ते कळल्याशिवाय पुढं किती ते काढता येत नाही. त्यांना ते पटलं. बोट पुन्हा फिरलं, या वेळी डब्यांच्या वरून, मग खालून, काहीतरी शोधत असल्यासारखं.

“न्यूट्रल कुठाय ह्यात?”

मी चित्राकडं बघितलं. पंधरा वर्षं अशी चित्रं बघत आले. यातला एकेक डबा सप्लाय आणि ग्राउंडला जोडलेला असतो, त्याशिवाय त्यातला एकही हलणार नाही. त्या दोन तारा कोणी काढत नाही. मी निवडीतून त्या वगळल्या नव्हत्या. निवड सुरू व्हायच्या आधीच त्या चित्रात नव्हत्या.

“प्रत्येक डब्यात असते, अण्णा. चित्रात दाखवत नाहीत.”

“दाखवत नाहीत,” ते म्हणाले. “मग न्यूट्रल तुटली तर कशावरनं कळतं?”

मी लॅपटॉप त्यांच्याकडं थोडा वळवला आणि लेआउटनंतरचं नेटलिस्ट, म्हणजे सगळ्या जोडण्यांची यादी, कुठं ठेवलंय ते शोधायला लागले. त्यात पॉवरच्या पिना असतात.